जुन्या गाडीला नवा सेल्फ: वायरिंग कुठे चुकतं आणि कसं टाळायचं

गेल्या पावसाळ्यात संगमेश्वरकडून एक कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० दोरीने ओढत माझ्याकडे आणली. दोन महिन्यांत दोन नवे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बसवून झाले होते, तिसऱ्याची पेटी मागच्या सीटवर होती. मालक सेल्फचं सांगून झाल्यावर सहज म्हणाले, "क्लचपण जड झालाय." बॉनेट उघडून क्लच केबल हातात घेतली, तर तिचं प्लॅस्टिकचं आवरण वितळून आतल्या तारेला चिकटलेलं. तिथेच सगळा उलगडा झाला. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटली होती आणि सेल्फचा सगळा करंट परतीची वाट म्हणून क्लच केबलमधून जात होता. नवे दोन्ही सेल्फ ठणठणीत होते. बहुधा मूळचाही असावा.

असा प्रकार मी वारंवार पाहतो. सेल्फ बदलायला अवघड नाही. चूक होते ती त्याच्याभोवतीच्या तीन-चार वायरींत, अर्थमध्ये आणि कामाच्या क्रमात. म्हणून सेल्फ खोलून दुरुस्त कसा करायचा हे मी इथे घेत नाही. नवा किंवा रिकंडिशन केलेला सेल्फ हातात आल्यापासून गाडी पहिल्या चावीला सुरू होईपर्यंत काय करायचं, तेवढंच सांगतो. उदाहरण मारुती ८०० आणि ओम्नीचं, कारण जुन्या गाड्यांत याच जास्त येतात. ॲम्बॅसडरसारख्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत जिथे फरक पडतो, त्याचा वेगळा टप्पा पुढे आहे.

१. सेल्फ खरंच गेलाय का?

पैसे खर्च करण्याआधी पंधरा मिनिटं मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला.

आता हेडलाइट लावून कुणाला तरी चावी फिरवायला सांगा.

लाइट एकदम मिणमिणते झाले आणि नुसतं "टक्" झालं, तर बॅटरी कमजोर आहे, जोडण्या खराब आहेत किंवा सेल्फ आतून जाम आहे. लाइट तसेच झगझगीत राहिले आणि काहीच आवाज नाही, तर सेल्फकडे निरोपच पोचत नाही: चावीचा स्विच, बारीक वायर किंवा सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच). पहिल्या प्रकारात लोक लगेच सेल्फ बदलतात. तिथेच थांबून पुढची चाचणी करा.

चावी फिरवलेली असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या स्टडवर (आटे असलेल्या खुंटीवर) धरा. ०.५ व्होल्टच्या आत हवं. मग बॅटरीच्या मायनसच्या खांबापासून थेट सेल्फच्या लोखंडी अंगावर. इथे ०.३ च्या आत हवं. याहून जास्त दाखवत असेल तर दोष वाटेत आहे, आणि नवा सेल्फ आणला तरी तो तसाच राहणार.

हीच चाचणी का, ओहमची का नाही? कारण मल्टिमीटरची बीप फसवते. जाड केबलच्या शेकडो तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते. सेल्फ मात्र छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास करंट मागतो, आणि एका ओहमचा शंभरावा भाग जरी वाटेत अडथळा आला तरी शंभर अँपिअरला पुरता एक व्होल्ट तिथेच जातो. म्हणून जोडणी नेहमी चालू करंटमध्ये तपासायची.

२. नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवून जुळवा

दुकानदाराने "मारुतीचाच आहे" म्हटलं म्हणून पेटी बंदच घरी आणू नका. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) मॉडेलचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल्फ दिसायला सारखे असतात आणि फरक बारीक असतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं:

- पिनियनचे (सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात मोजा, दोन्हीकडे सारखे हवेत. पिनियनचा बाहेरचा व्यासही मापा.
- बोल्टची भोकं, त्यांच्यातलं अंतर आणि भोकांना आटे आहेत की नाहीत.
- पिनियन बसलेल्या अवस्थेत माउंटिंगच्या पृष्ठभागापासून किती आत आहे.
- सोलेनॉइडची टर्मिनलं कुठल्या दिशेला तोंड करून आहेत. गाडीत बसल्यावर स्टड बॉडीला किंवा सायलेन्सरच्या पाइपला टेकणार असेल, तर तो सेल्फ तुमचा नाही.
- बारीक टर्मिनल चपटी पिन आहे की स्क्रूचं. जुन्या वायरीचं टोक त्यावर बसतं का?

जुना सेल्फ दुकानात परत देऊन टाकण्याची घाई करू नका. नवा बसून गाडी आठवडाभर चालेपर्यंत तो घरात राहू द्या.

३. सामान आधी, हात नंतर

१० नंबरचा पाना बॅटरीसाठी, १२ किंवा १३ चे दोन पाने सोलेनॉइडच्या स्टडसाठी (दोन का, ते पुढे कळेल), १२ ते १७ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट) आणि एक्स्टेन्शन, तारेचा ब्रश, काचपेपर, मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, मास्किंग टेप आणि पेन. गाडी वर उचलायची असेल तर घोड्या (आधाराचे स्टँड). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, दोन मिनिटांसाठीही नाही.

वायर मात्र विचार करून घ्या. जाड केबल फुगली असेल, लगजवळ (टोकाच्या धातूच्या कड्याजवळ) हिरवी पडली असेल किंवा वाकवल्यावर करकर वाजत असेल तर बदलायची. पेट्रोल गाडीला १६ ते २५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल पुरते. दीड मीटर लांबीला २५ ची केबल शंभर अँपिअरवर जेमतेम ०.१ व्होल्ट खाते, १६ ची ०.१६ च्या आसपास. घरात उरलेली ६ स्क्वेअरची वायर लावली तर तेच ०.४ च्या वर जातं आणि वायर तापते ती वेगळीच. डिझेल गाडीला याहून बरीच जाड केबल लागते, तिथे मूळ केबलच्या मापाखाली जाऊ नका.

विकत घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. स्वस्त जंपर केबल अशाच असतात. ती वायर इथे नको.

लग हातोडीने ठोकून चपटा करायचा नाही. बहुतेक तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानाकडे हायड्रॉलिक क्रिम्पर असतो, लग तिथून दाबून आणा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसतं शिसं ओतून जोडलेला लग तापला की सुटतो.

> सावध: गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद करा आणि बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं थांबा. गॅसचा वास येत असेल तर सेल्फचं काम आज करायचं नाही.

४. काढण्याचा क्रम

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून खिशात टाका. सेल्फचा जाड स्टड थेट बॅटरीला जोडलेला असतो, मध्ये फ्यूज नाही. अंगठी स्टड आणि बॉडीच्या मध्ये अडकली तर क्षणात लाल होते.

1. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल.
2. बॅटरीचा मायनस आधी काढा आणि टोक फडक्यात गुंडाळून बाजूला करा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. मायनस काढलेला असेल तर त्याच पान्याने काही होत नाही.
3. सेल्फवरच्या सगळ्या वायरींचा फोटो घ्या. एक दुरून, एक जवळून.
4. प्रत्येक वायरीला टेप गुंडाळून नाव लिहा. जाड स्टडवर बऱ्याचदा दोन-तीन वायरी असतात: बॅटरीची केबल आणि तिच्यासोबत गाडीच्या बाकी वायरिंगला किंवा अल्टरनेटरला जाणारी मध्यम जाडीची वायर. तीसुद्धा तिथेच परत जायची. ती विसरली तर नवा सेल्फ बसूनही चार्जिंग होत नाही किंवा अख्खी गाडी मुकी होते.
5. आता स्टडचा नट, बारीक वायर, आणि शेवटी माउंटिंगचे बोल्ट. शेवटचा बोल्ट सोडताना सेल्फ खालून हाताने धरा. मापापेक्षा जड असतो.

रंगांवर पूर्ण विसंबू नका. सुझुकी घडणीच्या गाड्यांत सेल्फची बारीक वायर बहुधा काळी आणि तिच्यावर पिवळी रेघ असते. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीची कायम चालू वायर, पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे सेल्फचा निरोप, काळी म्हणजे अर्थ. पण तीस वर्षांत गाडी किती हातांखालून गेली असेल सांगता येत नाही. टेस्ट लॅम्प सांगेल तेच खरं.

५. टर्मिनलं ओळखा

चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

सोलेनॉइडवर तीन टर्मिनलं असतात. पहिलं जाड स्टडचं, त्यावर "बी" किंवा "३०" असं लिहिलेलं. इथे बॅटरीची प्लस केबल येते आणि कायम चालू असते. दुसरं तसंच जाड, "एम" किंवा "सी". त्यावरून एक आखूड तांब्याची वेणी किंवा पट्टी सेल्फच्या पोटात जाते. तिसरं बारीक, "एस" किंवा "५०", त्यावर चावीची वायर.

"बी" आणि "एम" शेजारी असतात आणि दोन्हींचे नट सारखेच दिसतात. बॅटरीची केबल चुकून "एम"वर लावली, तर बॅटरीचा मायनस जोडताक्षणी मोटर फिरू लागते. चावीचा तिच्याशी काही संबंध नाही. पिनियन पुढे येत नाही, नुसती मोटर भन्नाट फिरते, आणि क्लॅम्प काढायला गेलात की मोठी ठिणगी उडते, तीही बॅटरीच्या वायूजवळ. ओळखायची खूण सोपी: ज्या स्टडवरून वेणी सेल्फच्या अंगात शिरते, तो "एम". तिथे गाडीची कुठलीही वायर लागत नाही.

काही सोलेनॉइडवर चौथं, अगदी बारीक टर्मिनल असतं. इग्निशन कॉइलला बॅलास्ट रेझिस्टन्स (व्होल्टेज कमी करणारा रोधक) असलेल्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट देण्यासाठी ते वापरतात. ब्रिटिश पद्धतीत त्याची वायर पांढऱ्यावर पिवळ्या रेघेची. तुमच्या जुन्या सेल्फवर ते नसेल तर नव्यावरचं रिकामं सोडा आणि त्यावर रबरी टोपी घाला. चावीची वायर चुकून त्यावर लागली तर सेल्फ हलतही नाही, आणि मग "नवा पीस डेड निघाला" म्हणून लोक दुकानात जातात.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. सोलेनॉइडच्या आत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एक ओढणारी, ती "एस"पासून "एम"कडे म्हणजे मोटरमधून अर्थ घेते. दुसरी धरून ठेवणारी, ती "एस"पासून थेट बॉडीला. प्लंजर (आतला सरकणारा दांडा) पूर्ण आत गेला की ओढणारीच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट होतात आणि ती आपोआप बंद पडते. म्हणून "एस" आणि बॉडीच्या मध्ये मल्टिमीटर एखाद-दुसरा ओहम दाखवतो. तो शॉर्ट नाही, तसंच असायला हवं.

६. गाडीत चढवण्याआधी बाकावर तपासा

रिकंडिशन केलेल्या सेल्फला हे सोडूच नका. एमपीएफआय असो की कार्ब्युरेटर, खाली झोपून बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा काढण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात.

सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट पकडा. हातात धरून कधीच नाही, सुरू होताना तो जोरात पिळतो. पहिल्यांदा "एम"वरची वेणी सोडून बाजूला करा. बॅटरीचा मायनस सेल्फच्या अंगाला आणि "एम"लाही, प्लस "एस"ला. पिनियन खाडकन पुढे यायला हवा. आता "एम"ची वायर काढा. पिनियन पुढेच राहायला हवा. मागे गेला तर धरून ठेवणारी गुंडाळी गेलेली आहे, गाडीत हा सेल्फ टक-टक-टक करत राहील. हे सगळं तीन-चार सेकंदांत आटपा, गुंडाळी लगेच तापते.

मग वेणी परत आवळा. मायनस अंगाला, प्लस "बी"ला, आणि "बी"वरून एक वायर क्षणभर "एस"ला टेकवा. पिनियन पुढे येऊन गुळगुळीत फिरला पाहिजे आणि वायर काढताच मागे जाऊन थांबला पाहिजे.

> तपासा: पिनियन हाताने एका दिशेने सहज फिरतो आणि दुसऱ्या दिशेने आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) सोबत घेऊन फिरतो का? दोन्हीकडे मोकळा फिरत असेल तर पिनियनच्या आतला क्लच (गाडीचा नव्हे) गेलेला आहे.

७. अर्थ: ज्याकडे कुणी बघत नाही

सेल्फला मायनसची वेगळी वायर नसते. तो ज्या बोल्टांनी गिअरबॉक्सच्या घराला आवळलेला असतो, तिथूनच करंट परत जातो. म्हणून त्या जागेवरचं तेल, चिखल, ऑक्साइडचा पांढरा थर आणि नव्या सेल्फच्या कानावर मारलेला रंग, सगळं काचपेपरने घासून धातू चमकवायचा. रिकंडिशनवाले सेल्फ वरपासून खालपर्यंत काळा स्प्रे मारून देतात. दिसायला छान, पण अर्थला तो रंग आड येतो.

नंतर अर्थची पूर्ण वाट डोळ्यांनी तपासा: बॅटरीच्या मायनसपासून बॉडी, आणि बॉडीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्स. वेणीच्या पट्टीचं टोक वाकवून बघा. कोकणच्या खाऱ्या हवेत ही पट्टी वरून जाडजूड दिसते आणि बोटाने दाबली की भुगा होतो. मालवण, रत्नागिरी, अलिबागकडची गाडी असेल तर मी पट्टी न बघताच नवी टाकतो. बोल्टखालची बॉडी रंग जाईपर्यंत घासा, जोडा, आवळा आणि नंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. आधी ग्रीस आणि मग जोडणी, असं करू नये.

८. बसवणं

बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे जाऊ द्या. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा घातलेला बोल्ट पान्याने रेटला की आटे निघून येतात. दोन्ही बोल्ट हाताने बसले की आळीपाळीने आवळा. जुन्या सेल्फखाली शिमची पातळ पट्टी निघाली असेल तर ती परत लावा, निघाली नसेल तर मनाने घालू नका.

९. वायरी जोडण्याचा क्रम

बॅटरीचा मायनस अजूनही सुटलेलाच आहे, हे पुन्हा एकदा बघून घ्या.

पहिली "एस"ची वायर. जाड केबल आधी लावली की तिच्यामागे बोट जात नाही आणि मग चपटी पिन अर्धवट बसते. पिनचं मादी टोक सैल झालं असेल तर पकडीने किंचित दाबा. बसल्यावर ओढून बघा.

मग "बी"वरची केबल. स्टड काचपेपरने पुसा. आधी केबलचा लग, त्यावर दुसऱ्या वायरींचे लग, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. लग आणि स्टडच्या बुडाच्या मध्ये वॉशर घालू नका. शंभर अँपिअर लोखंडी वॉशरमधून पाठवायचे नाहीत.

नट आवळताना दुसऱ्या पान्याने आतला नट धरून ठेवा. त्यासाठीच दोन पाने सांगितले होते. नुसता बाहेरचा नट जोरात फिरवला की तांब्याचा स्टड आतून फिरतो आणि सोलेनॉइडची बेकलाइटची टोपी तडकते. शिकाऊ असताना माझ्या हातून हे झालं होतं. "चट्" असा लहानसा आवाज आला, वरून काहीच दिसलं नाही, आणि आठ दिवसांनी पाणी आत जाऊन सेल्फ जळाला. तांब्याच्या स्टडला लोखंडी बोल्टासारखी ताकद लावायची नाही. स्प्रिंग वॉशर सपाट झाला, वर थोडासा ताण आला, बस.

लग शेवटी कुठल्या दिशेला तोंड करून राहतो ते बघा. त्याची मान बॉडीपासून, सायलेन्सरपासून आणि "एम"च्या स्टडपासून बोटभर तरी दूर हवी. रबरी बूट चढवा. मूळचा फाटला असेल तर नवा घ्या. टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकटा होतो.

केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं, आणि हलत्या शाफ्टपासून दूर क्लिपने बांधलेली हवी.

१०. चावीच्या वायरीला रिले लावावा का?

रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. वीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मी लावतोच. ओढणारी गुंडाळी सुरुवातीच्या क्षणी बराच करंट मागते, आणि तो सगळा चावीच्या झिजलेल्या स्विचमधून आणि डॅशबोर्डमागच्या जुन्या वायरीतून येतो. चावी फिरवताना "एस"वर व्होल्टेज मोजा. बहुतेक सोलेनॉइड ८ व्होल्टच्या आसपास ओढतात, त्याखाली आलं की गाडी "कधी घेते, कधी नाही" होते. बॅटरीच्या त्या वेळच्या व्होल्टेजपेक्षा "एस"वर एक व्होल्टहून जास्त तूट असेल तर रिले लावाच.

जोडणी अशी: ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले. चावीकडून येणारी जुनी "एस"ची वायर ८६ ला. ८५ बॉडीला. बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ स्क्वेअरची वायर ३० ला. ८७ वरून तशीच वायर सेल्फच्या "एस"ला. फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा. तो रिलेच्या शेजारी लावला तर मधली पूर्ण वायर फ्यूजविना राहते. रिलेचं तोंड खाली करून लावा म्हणजे पावसाचं पाणी पिनांत साचत नाही.

११. ॲम्बॅसडर आणि तत्सम जुन्या गाड्या

जुन्या लुकास पद्धतीत सेल्फवर एकच जाड स्टड असतो आणि सोलेनॉइड वेगळा, बॉडीवर बसवलेला. त्या जागी आता सोलेनॉइड अंगावरच असलेला सेल्फ बसवतात. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे वेगळा सोलेनॉइड तसाच ठेवून त्याची जाड केबल नव्या सेल्फच्या "बी"ला लावायची आणि "बी"वरून "एस"ला एक तुकडा जोडून द्यायचा. गाडी सुरू होते, म्हणून सगळे खूश. पण चावी सोडल्यावर फिरत राहिलेली मोटर स्वतःच वीज तयार करते, ती त्या तुकड्यातून "एस"ला जाते आणि पिनियन रिंग गिअरला (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याला) धरून राहतो. आत कायमचं चुंबक असलेल्या मोटरीत हे हमखास दिसतं. काही दिवसांत पिनियनचा क्लच जातो.

बरोबर पद्धत: बॅटरीची केबल थेट नव्या सेल्फच्या "बी"ला. जुना सोलेनॉइड ठेवायचाच असेल तर त्याचं काम फक्त रिलेचं, त्याच्यातून निघणारी वायर एकट्या "एस"ला.

आणि बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असू शकतो. चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळीचं फील्ड असलेला सेल्फ दोन्ही जोडण्यांत एकाच दिशेने फिरतो, पण चुंबकाचा सेल्फ तिथे उलटा फिरेल.

१२. मायनस जोडण्याआधी आणि जोडल्यावर

सगळे दिवे, गाण्यांचा टेप, चावी बंद. दारं बंद. मायनसचा क्लॅम्प अजून लावू नका. बॅटरीचा मायनसचा खांब आणि सुटलेला क्लॅम्प यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. लॅम्प पेटला नाही किंवा टेपच्या घड्याळामुळे अगदी मंद दिसला, तर ठीक. पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा "बी" आणि "एम"ची अदलाबदल झालेली आहे. या एका लॅम्पने माझ्याकडच्या कितीतरी केबल वाचल्या आहेत.

लॅम्प शांत असेल तर क्लॅम्प लावून पूर्ण घट्ट आवळा. "लागलं तर पटकन काढता येईल" म्हणून सैल ठेवू नका, ठिणगी तिथेच उडेल. १० चा पाना मात्र बॅटरीशेजारी तयार ठेवा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची प्लसची वायर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. न्यूट्रल पुन्हा हलवून बघा. एकाला चावीवर बसवा, तुम्ही बॅटरीपाशी. तीन-चार सेकंद सेल्फ मारा.

- चावी सोडताच थांबला पाहिजे. थांबला नाही तर चावी बंद करून उपयोग नाही, मायनस काढा.
- बॅटरीवर मारताना ९.६ च्या खाली जायला नको.
- पहिल्या टप्प्यातल्या दोन्ही चाचण्या पुन्हा करा: प्लसची वाट ०.५ च्या आत, अर्थची ०.३ च्या आत.
- केबलच्या दोन्ही टोकांना आणि अर्थच्या पट्टीला हात लावा. लग गरम लागला तर तो क्रिम्प वाईट आहे.

मग कॉइलची वायर जोडून गाडी सुरू करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्या.

१३. अजूनही घेत नसेल तर

नुसतं एक "टक्": "बी"ची केबल, अर्थ, बॅटरी, याच क्रमाने. सेल्फला शेवटी दोष द्या.

टक-टक-टक: बॅटरी अर्धी रिकामी किंवा धरून ठेवणारी गुंडाळी गेलेली. बाकावर तपासलं असेल तर दुसरी शंका उरत नाही.

मोटर फिरते, इंजिन हलत नाही: पिनियनचा क्लच, दात न जुळणं, किंवा रिंग गिअरचे दात झिजलेले. गाडी चौथ्या गिअरला टाकून, चावी बंद ठेवून थोडी पुढे ढकलली आणि मग न्यूट्रलला सेल्फने उचललं, तर रिंगवर त्या ठरावीक जागीच दात गेलेत असं समजा.

खर्रर्र असा दातांचा आवाज: एक बोल्ट सैल किंवा मधली जागा नीट घासलेली नाही, म्हणून सेल्फ तिरका बसलाय. पुन्हा मारत बसू नका, रिंग गिअर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

सगळं नीट चाललं तरी तीन-चार दिवसांनी, इंजिन गार असताना, मायनस काढून "बी"चा नट आणि माउंटिंगचे बोल्ट एकदा पान्याने बघा. नव्या लगवरची तांब्याची केबल थोडी बसते आणि नट हमखास पाव आटा घेतो.